आधी पाटलाचा बैल

सरूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादेत नारायणगुड्याला भाजी घेत होते. हातात अंबाडीची जुडी होती. फोन तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या विजयम्माचा. ती एवढंच म्हणाली, "अक्का, जल्दी आ जाओ," आणि रडायला लागली. रिक्षात बसले तेव्हा जुडी हातातच होती, तिचे पैसे दिले की नाही तेही आठवत नाही. चिक्कडपल्लीच्या घरी पोचले तर आत्या तिच्या वेताच्या खुर्चीत बसलेली, चष्मा डोळ्यांवर, शेजारी बशी झाकून ठेवलेला चहा. चहा अजून कोमट होता. आणि दारात माझा चुलतभाऊ दिनकर, म्हणजे आमचा दिनूदादा, कोणाशी तरी फोनवर बोलत होता. "नाही, नाही, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार. घरातलं नाही तसं कोणी… आत्या होती."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. आत्याबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाबद्दल असा काही नियम माझ्या ऐकिवात नाही, आणि तो ठणठणीत आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणाला वाटलं की सुमननं उणीदुणी काढली, तर बरोबर वाटलं. त्यासाठीच लिहितेय.

अग्नी मी दिला. दिनूदादा स्मशानात आला होता, पण त्याचा हात खिशातून निघेना. रात्री मी आत्याच्या घरीच राहिले. सकाळी सहाला डोक्यावर घंटा वाजली. छताच्या वरून, अगदी स्पष्ट. मग आरती, मग उदबत्तीचा वास जिन्यातून खाली. ज्या घरात सुतक असतं तिथे देवाला हात लावत नाहीत, हे काय आमच्यात कोणाला शिकवावं लागतं? दहा दिवस देव तसेच, पुरुषांनी दाढी करायची नाही, कोणाच्या शुभकार्यात जायचं नाही. आणि हा घंटा बडवतोय. विजयम्मा तेलुगू, त्यांच्यात सुतकाला मैल म्हणतात. तीसुद्धा दारात येऊन हळूच विचारती झाली, वर पूजा चाललीय, यांना मैल नाही का? मी जिना चढून वर गेले. दिनूदादा सोवळं नेसून बसला होता. मान न वळवता म्हणाला, "ती दिलेली मुलगी होती, सुमे. तिचं सुतक आपल्या घराण्याला नाही. शास्त्र आहे."

दिलेली मुलगी! आत्याला निजामाबादकडे दिली होती हे खरं. दोन वर्षांत परत आली हेही खरं. तिकडे काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही, फक्त उजव्या हाताचं मनगट तिला शेवटपर्यंत पूर्ण वळवता यायचं नाही. काडीमोड झाली, तिनं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला घेतला आणि आडनाव परत पाटील केलं. त्या काळात हे सोपं नव्हतं. माहेरी परत आलेली बाई गप्प राहते, पोळ्या लाटते, भावजयांची बोलणी खाते. ही मात्र शाळेच्या ऑफिसात टेबलापुढे उभी राहून सांगायची, माझं नाव सरस्वती पाटील. तिथला बाबू तेलुगू. तो आधी इंटिपेरू विचारायचा, म्हणजे घराण्याचं नाव, आणि ऐकलं की म्हणायचा, पटेल का, गुजराती? ती म्हणायची, नाही, पाटील. भाजीवाली तर तिला कायम पटेलम्माच म्हणायची. ते मात्र तिला आवडायचं, कारण तेलंगणात गावच्या पाटलाला पटेलच म्हणतात आणि हाक बरोबर जागी पोचत होती.

या आडनावाचं तिला वेडच होतं. ती सांगायची, पाटील हे रक्ताचं नाव नव्हे, कामाचं नाव आहे. गाव तिथे पाटील. सारा गोळा करायचा, तंटे मिटवायचे, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याला चारा द्यायचा, आणि गावात चोरी झाली की पहिली बोलणी खायची. निजामाच्या राज्यात तर एकेका गावात दोन पाटील, एक साऱ्याचा आणि एक पोलिसांचा. म्हणून तर हे आडनाव कडुलिंबासारखं सगळीकडे उगवलंय. मराठ्यांत पाटील, लिंगायतांत पाटील, कोळ्यांत पाटील, जैनांत आणि मुसलमानांतही पाटील. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. विद्वान म्हणतात जुन्या ताम्रपटांत पट्टकील असा शब्द सापडतो, तिथून हे आलं. आत्या म्हणायची, असेल बाबा, आपल्या घरात ताम्रपट नाही, बैल आहे. गच्चीबावलीकडच्या कंपन्यांत नोकरीला आलेले पुण्या-मुंबईचे पाटील तिला भेटले की हटकून विचारायचे, तुम्ही कुठले पाटील? तिचं उत्तर ठरलेलं. "पोळ्याला पहिल्या बैलाचे."

त्यामागची गोष्ट अशी. आम्ही मूळचे कदम, देगलूरकडचे. गावात आमची भावकी अजून कदमच लावते. पाटीलकी आमच्या एका पूर्वजाकडे आली आणि तो तरुणपणीच तापानं गेला. मागे बायको गयाबाई आणि कडेवरचा गणोजी. दिराला पाटीलकी हवी होती. कागद वगैरे पुढची गोष्ट, गावात मान कोणाचा हे पोळ्याला ठरायचं. वेशीत तोरण बांधतात, सगळ्या गावाचे बैल सजून उभे राहतात, आणि पाटलाचा बैल तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हलत नाही. दीर आपली जोडी घेऊन पुढे आला. तेवढ्यात विधवा बाई, कडेवर पोर, हातात कासरा, आपला बैल घेऊन गर्दीतून सरळ चालत आली. दिराला म्हणाली, भावजी, बाजूला व्हा. आणि गेली तोरणाखालून. गावानं वाजंत्री वाजवली. त्या दिवसापासून ते घर गयाबाई पाटलिणीचं घर झालं, आणि तिच्या नातवंडांपासून पुढे आम्ही जे गाव सोडून हैदराबादला आलो ते पाटील. म्हणजे आमच्याकडे हे आडनाव एका बाईनं चालून आणलं. आत्या ही गोष्ट दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी "भावजी, बाजूला व्हा" म्हणताना दिनूदादाकडे बघायची.

ती सासरहून परत आली त्या वर्षीच्या पोळ्याची गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितलेली. तेव्हा या जागी अपार्टमेंट नव्हतं, आजोबांचं बैठं घर होतं. आजोबांनी गावच्या सुताराकडून एक लाकडी बैल करून आणला. शहरात सगळे मातीचे बैल पुजतात, हा मात्र वीतभर उंच, सागवानी. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, सगळं घर उभं होतं. थोरल्या काकांनी, म्हणजे दिनूदादाच्या वडिलांनी, बैल उचलायला हात पुढे केला. आजोबांनी तो आत्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "सरू, तू पुढे चल." बस, एवढंच. पण घरातल्या सगळ्यांना कळलं की परत आलेली मुलगी पाहुणी नाही. थोरल्या काकांना ते मरेपर्यंत पचलं नाही, आणि दिनूदादाला ते बाळकडूतून मिळालं.

आजोबा गेले, घर पाडून तीन मजले झाले, पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट आत्याचा, त्याच्या वरचा थोरल्या काकांचा. आजोबांनीच तसं ठरवून ठेवलं होतं. दर पोळ्याला दिनूदादा म्हणायचा की मान थोरल्या घराचा, आणि दर पोळ्याला तो आपले मातीचे बैल ताटात घेऊन खाली उतरायच्या आधी आत्या फाटकाशी बैल घेऊन हजर असायची. एका वर्षी तो पहाटेच उठून खाली आला. तर आत्या फाटकाशी स्टुलावर बसून चहा पीत होती. त्याच्याकडे बघून दखनीत म्हणाली, "क्या रे हौले, नींद नहीं लगी?" हौला म्हणजे खुळा. तो शब्द तिनं त्याच्यासाठीच राखून ठेवला होता.

मग थोरले काका गेले. तिचा सख्खा थोरला भाऊ. कितीही भांडले तरी लहानपणी एका ताटात जेवलेले. ती वरच्या घरातच बसून होती, कोपऱ्यात, पदर तोंडाला. चौथ्या दिवशी सकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, दिनूदादा तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आत्या, तेवढा देवाला दिवा लाव. आम्हाला सुतक आहे, तुझं कालच फिटलं."

ज्यांना यातलं काही वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगते. दिलेल्या मुलीला माहेरचं सुतक तीन दिवस. घरच्यांना दहा. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून दिवा लावायला बाहेरचं माणूस बोलावतात, शेजारी, भटजी, कोणीही. त्यानं तिला बाहेरचं माणूस म्हणून बोलावलं. भावाच्या मरणात, चारचौघांत, तुपातली वात हातात देऊन. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आत्या उठली नाही. म्हणाली, "माझा भाऊ गेलाय, दिनकर. माझा हात चालत नाही." आणि खाली आपल्या घरी गेली. तिथे तिनं देवघराचं दार लावलं ते पूर्ण दहा दिवस उघडलं नाही. जमिनीवर निजली, केसांना तेल नाही, कोणाकडे जाणं नाही. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून बाहेरचं दार मात्र सताड उघडं ठेवलं होतं.

आता त्या मेळाव्याबद्दल. आयटीतल्या काही उत्साही मंडळींनी शहरातल्या सगळ्या पाटलांचा मेळावा सुरू केला. एकमेकांशी काही नातं नसलेले पाटील वर्षातून एकदा एकत्र येतात, श्रीखंड-पुरी खातात, मुलं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेली मराठी गाणी पाठ करून म्हणतात. वाईट काही नाही. दिनूदादा रिटायर झालेला, बोलायला चुरचुरीत, त्याला अध्यक्ष केलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं "पाटील आडनावाचा उगम आणि विस्तार" या विषयावर भाषण ठोकलं. पट्टकीलपासून निजामापर्यंत शब्द न् शब्द आत्याचा. आयत्या बिळावर नागोबा! तेवढंही ती सोसती. पण शेवटी त्यानं पोळ्याची गोष्ट काढली, आणि त्या गोष्टीत गयाबाई नव्हतीच. आमचे शूर पूर्वज गणोजी पाटील, म्हणाला, यांनी भर वेशीत भावकीला आव्हान देऊन बैल पुढे काढला. टाळ्यांचा कडकडाट. गणोजी त्या दिवशी आईच्या कडेवर होते आणि बहुधा त्यांचं नाक गळत होतं.

येताना रिक्षात आत्या आबिड्सपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं रडेल. ती रडणारी नव्हती, पण वाटलं. मग पोस्टापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "सुमे, मी मेले की हा माझं सुतक पाळणार नाही."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस…

"खरं तेच बोलते. तो देवाची घंटा वाजवेल, आणि मी पाटील नव्हते हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल. मला काही कळायचं नाही, मी मेलेली. पण तुला कळेल. तू फक्त गावाला फोन कर."

म्हणून त्या सकाळी वरून घंटा ऐकून, त्याचं शास्त्र ऐकून मी खाली आले आणि आत्याच्या खुर्चीत बसून गावाला दगडूकाकांना फोन केला. दगडूकाका म्हणजे कदम भावकीतले आता सगळ्यात वडील. गावाकडून कोणीही हैदराबादला दवाखान्यात आलं की उतरायचं ठिकाण आत्याचं घर. दगडूकाकांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभर तिथेच होती. दिनूदादाच्या दारावरची बेल गावातल्या कोणी वाजवल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना आत्या गेल्याचं सांगितलं आणि वर काय चाललंय तेही सांगितलं. काहीही गाळलं नाही, थोडी फोडणीच घातली. त्यांनी आधी वार आणि वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "सरूताई आमची हाय. दहा दिवस आमाला सुतक. दहाव्याला आमी येतो."

आणि इथे माझ्या डोक्यात जे आलं ते मी लपवणार नाही. दिनूदादाचा यंदाचा मेळावा नेमका दहाव्याच्या आदल्या दिवशी होता. त्यानं मोठ्या दिमाखात "मूळ गावची पाटील भावकी" प्रमुख पाहुणे म्हणून कधीच बोलावून ठेवली होती. मी दगडूकाकांना म्हटलं, एक दिवस आधी या. त्यांनी विचारलं, सुतकात अशा कार्यक्रमाला कसं यायचं? मी म्हटलं, काही करू नका, काही खाऊ नका. नुसते येऊन बसा.

काचीगुड्याच्या त्या हॉलमध्ये पहिली रांग राखीव होती. तिथे गावाकडचे पुरुष येऊन बसले. पांढरी धोतरं, टोप्या, आणि एकजात सगळ्यांच्या गालांवर वाढलेली दाढी. म्हाताऱ्यांची पांढरी, पोरांची काळी, पण रांगेत एक गाल गुळगुळीत नव्हता. मी सुतकात म्हणून सगळ्यात मागे, कोणाला शिवणार नाही अशी बसले होते. होय, मीही दहा दिवस पाळलं. मी लग्नानंतरची जाधव, माझा काही संबंध नाही. नवरा म्हणाला, पाळ बाई, तुला नाही म्हणून मी कुठे जाऊ. स्टेजवर दिनूदादा रेशमी कुर्त्यात, ताजी दाढी केलेला, चेहरा असा तुळतुळीत की दिव्याचा उजेड चमकत होता. समई मांडलेली. त्यानं माइकवरून पुकारलं की आपल्या मूळ गावचे ज्येष्ठ, यांनी दीपप्रज्वलन करावं.

दगडूकाका उठले. स्टेजकडे गेले नाहीत. जागेवरच हात जोडून उभे राहिले. त्यांना माइकची गरज कधीच नसते.

"दिनकर, घरातली सरूताई गेली. आमाला सुतक हाय, दिव्याला हात लावता येत न्हाई. तुला कसं लावता येतंय, ते तू बघ बाबा."

आणि खाली बसले. पहिल्या रांगेतला दुसरा कोणीही उठला नाही. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या मुलीनं आईला सुतक म्हणजे काय ते विचारलं. आईनं सांगितलं, घरातलं कोणी गेलं की दाढी करत नाहीत, पूजा करत नाहीत. पोरगी स्टेजकडे बघून म्हणाली, मग त्या अंकलच्या घरातलं कोणी नाही गेलं का? ते चार रांगा पुढे ऐकू गेलं. दिनूदादा पेटती मेणबत्ती हातात घेऊन उभा होता. मेण बोटांवर ओघळलं तरी त्याला कळलं नाही. शेवटी पुण्याच्या एका भल्या गृहस्थांनी ती त्याच्या हातातून घेऊन समई लावली. पुढे भाषण झालं. पोळ्याशी आल्यावर तो म्हणाला, आपल्या एका थोर पूर्वजांनी… आणि पहिल्या रांगेतून दगडूकाका बसल्या बसल्या म्हणाले, "गयाबाईनं."

मला आनंद झाला. पोटभर झाला. कोणाला हे हलकं वाटत असेल तर वाटो, ज्याचं जळतं त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा असा झपकन आला की भटजीसुद्धा म्हणाले, यांची काही इच्छा राहिलेली दिसत नाही. मी मनात म्हटलं, कालच पुरी झाली. पण घरी येऊन तिच्या खुर्चीसमोर बसले आणि एकदम लक्षात आलं की ही गोष्ट जिला सांगायची ती नाही. ती कशी हसली असती, चष्मा काढून, डोळे पुसत… त्या दुपारी मी पहिल्यांदा धड रडले. सूड घेतला तरी माणूस परत मिळत नाही, एवढं मला माहीत होतं. सांगायला माणूसच उरत नाही, हे माहीत नव्हतं.

परवा पोळा झाला. आत्याचा फ्लॅट तिनं माझ्या नावे केलाय. वर्ष सरेपर्यंत आम्हाला सण नाही, म्हणून मी पुरण शिजवलं नाही. वरून मात्र वेलदोड्याचा वास जिनाभर पसरला होता. सण नसला तरी मान खंडत नसतो, हे आत्यानंच शिकवलेलं. मी सकाळीच नारायणगुड्याहून आले, कपाटातून तिचा लाकडी बैल काढला. एक शिंग कधीचं मोडलंय. त्याला तेल लावलं, कपाळावर हळद, पाठीवर तिच्या जुन्या साडीच्या तुकड्याची झूल. बाहेर आले तर दिनूदादा जिना उतरत होता. हातात ताट, ताटात मातीची रंगवलेली जोडी, मागे वहिनी आणि नातू. तिच्या दारावरच्या पाटीपाशी, सरस्वती पाटील असं लिहिलंय तिथेच, आम्ही समोरासमोर आलो.

तो म्हणाला, "सुमे, आत्या गेली. आता तरी मान आमच्याकडे येऊ दे."

मी म्हटलं, "थांब दादा. आधी पाटलाचा बैल."

"कोण पाटील? तू तर जाधव."

"जाधवच आहे मी. मी हाकणारी. बैल पाटलांचा आहे."

विजयम्मा दार उघडून उभी होती. खालच्या मजल्यावरची पोरं आपापले मातीचे बैल घेऊन फाटकाशी थांबली होती, त्यांना सवयच आहे, पहिल्या मजल्याचा बैल आल्याशिवाय कोणी हलत नाही. दिनूदादा पायरीवर उभा राहिला. मी पायऱ्या उतरले, सावकाश, आत्या उतरायची तशी, कठड्याला न धरता. बैल दोन्ही हातांत धरून तोरणाखालून नेला. आंब्याचं एक पान त्याच्या मोडक्या शिंगाला लागलं.

मग मी मागे वळून पाहिलं आणि म्हटलं, "हं, भावजी, या आता."